पूर्णेला न गेलेला निरोप

करपरेच्या पैलतीरावर धूर उठला तेव्हा वीरुपाक्षस्वामी बेलाची पाने धुऊन टोपलीत रचीत होते. आषाढ सरत आला होता. नदीला मांडीभर गढूळ पाणी होते आणि सूर्य माथ्यावर आलेला होता. कोणी बांधावरचे गवत पेटविले असेल असे त्यांस क्षणभर वाटले. मग वाऱ्यावरून माणसांचा कल्लोळ आला, आणि त्या कल्लोळातून एका स्त्रीची किंकाळी वर चढून मध्येच तुटली. स्वामींच्या हातची पाने पाण्यात सांडली.

बोरीच्या बाजारापासून दोन कोसांवर, नदीच्या ऐलतीरी स्वामींचे गाव. ते जंगम. भोवतालच्या लिंगायत घरांतले विवाह, शिशूंचे लिंगधारण, अंत्यविधी, सारे त्यांच्या हातून होई. बालपण संस्कृत पाठशाळेत गेलेले, वय साठीच्या पुढे, वाणी संथ. घरी पत्नी गंगम्मा. पोटी मूल नव्हते, आणि त्याविषयी दोघेही आता बोलत नसत.

त्या सप्ताहात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव मुंबईत संमत झाला होता. पैलतीरीच्या गावात पंडित नावाचा तरुण होता, बौद्धवस्तीतला पहिला मॅट्रिक झालेला. त्याने ती वार्ता चावडीपुढे उभे राहून वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचली. अपराध म्हणावा तर एवढाच. चार गावांचा जमाव कुऱ्हाडी आणि रॉकेलचे डबे घेऊन भर दुपारी वस्तीवर चालून गेला. पंडिताला त्याच्याच उंबऱ्यावर आडवा पाडून तोडला. त्याची बायको कडूबाई हिने मागच्या कुडाला भगदाड पाडून मुलीला बाहेर ढकलले. स्वतः निघणार तोच पेटलेले छप्पर तिच्यावर बसले. हे सर्व स्वामींना नंतर कळले. त्या घटकेला त्यांना दिसले ते इतकेच, की पाण्यातून काही काळे, लहानसे, धडपडत त्यांच्याकडे येत आहे.

मुलगी सहा-सात वर्षांची होती. एका बाजूचे केस जळून कातडीला चिकटले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. स्वामींनी तिला ओल्या धोतरात गुंडाळले, टोपली तिथेच टाकली आणि परसाच्या वाटेने घर गाठले.

गंगम्माने कात्रीने उरलेले केस उतरविले, जळल्या जागी लोणी लावले, स्वतःचे जुने लुगडे फाडून मुलीभोवती नेसविले. एवढ्यात वेशीकडून गलका ऐकू आला. जमाव परतत होता. त्याच्या अग्रभागी याच गावचे मातब्बर शेतकरी माणिकराव होते. एक पोर नदीकडे निसटली, तिने सारे पाहिले आहे, असे ओरडत माणसे घराघरांत शिरत होती. मुलीचा चेहरा त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता. नदीपलीकडच्या त्या वस्तीतल्या मुलांचे चेहरे कोणी कधी पाहिलेच नव्हते.

तेव्हा स्वामींनी जे केले ते त्यांच्या कुळात कोणी केले नसेल. लिंगायताच्या अंगावर बाळपणी बांधलेले इष्टलिंग अखेरच्या श्वासापर्यंत उतरत नाही. ते गेले तर तो मनुष्य जिवंत असूनही मेल्यात जमा. स्वामींनी छातीवरचा शिवदोरा डोक्यावरून काढला आणि लिंग ठेवलेल्या चांदीच्या करंडकासह मुलीच्या गळ्यात घातला. गंगम्माने पदर तोंडावर दाबला. मग तिनेच पुढे होऊन मुलीच्या कपाळाला भस्माची तीन बोटे ओढली.

माणिकराव दारात आले. कुऱ्हाडीच्या दांड्याला रक्त सुकून काळे झाले होते आणि पात्याच्या बेचक्यात केसांचा एक पुंजका अडकला होता.

“स्वामी, म्हातारपनी पोर झाली का काय तुमाला?”

मागचे चौघे हसले. गंगम्माने सांगितले की उदगीरच्या बहिणीची नात आहे, तापाने फणफणली आहे, डोक्यात चट्टे उठले म्हणून केस काढले. माणिकरावांनी कुऱ्हाडीच्या दांड्याने मुलीच्या गळ्यावरचे लुगडे बाजूला केले. करंडक दिसताच त्यांचा हात आपसूक स्वतःच्या कपाळाला गेला. ते वळले. शेजारच्या घराचे मडके फुटल्याचा आवाज आला, मग पुढच्या घराचे.

मुलीला वाचा फुटली ती श्रावण लागल्यावर. नाव विशाखा. जे पाहिले ते तिने एकदा, एका दमात सांगितले. रॉकेलचा डबा कोणाच्या हाती होता हेही. नंतर त्याविषयी ती बोलली नाही. पण एक गोष्ट ती रोज बोले. तिचा मामा पूर्णेला आहे, भुजंग त्याचे नाव, तो रेल्वेच्या रुळांवर काम करतो, त्याला सांगा. स्वामी म्हणत, सांगतो. गावातून पूर्णेकडे जाणारी माणसे होती, मोटारी होत्या. स्वामींनी कोणाजवळही निरोप दिला नाही.

प्रारंभी कारण भयाचे होते. निरोप फुटला तर मुलगी जिवानिशी जाईल, हे खोटे नव्हते. पुढे त्या भयाच्या आड दुसरे काही वाढू लागले. इष्टलिंगाची पूजा डाव्या तळहातावर होते. स्वामींचा तळहात तर रिता होता. एके प्रातःकाळी विशाखा त्यांच्यापुढे येऊन बसली, करंडक उघडून लिंग तिने स्वतःच्या तळहातावर ठेवले आणि हात पुढे केला. त्या दिवसापासून स्वामी तिच्या तळहातावर पूजा करू लागले. पाणी तिच्या बोटांतून ओघळे, तिला गुदगुल्या होत, ती हसे. त्या हसण्यासाठी मनुष्य पहाटेची वाट पाहू शकतो हे स्वामींना उतारवयात कळले. त्यांनी मनाशी ठरविले की लिंग गळ्यात पडले तेव्हाच दीक्षा झाली. आता मठाकडून विधी तेवढा करून घ्यावा, आणि मुलगी आपली.

गंगम्मा अधूनमधून विचारी, पूर्णेला निरोप गेला का. वातावरण निवळू दे, असे उत्तर येई. एकदा ती म्हणाली की वातावरण निवळले तर तुम्हाला नको आहे असे वाटते. स्वामी उठून बाहेर गेले.

पोळ्याआधी गावात भरलेल्या बाजारी भुजंग आला.

बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळ, बेगडाचे कागद, सुताचे गोंडे, घुंगरमाळा यांनी बाजार लाल-पिवळा झाला होता. वेशीजवळ लोहाराने ऐरण मांडली होती आणि वखराच्या धारदार लोखंडी पासा तापवून ठोकून देत होता. स्वामी समोरच्या देवळाच्या ओट्यावर बसले होते. गंगम्मा विशाखेचा हात धरून खाली मिठाचा भाव करीत होती. तेवढ्यात खाकी सदऱ्यातला एक सडपातळ मनुष्य गर्दीतून चालत आला. पूर्णेच्या मालधक्क्यावर, शाळांतून, जिथे जिथे जळल्या गावांची माणसे येऊन पडली होती तिथे तिथे त्याने भाचीला शोधले होते. शेवटी एका भोयाने त्याला सांगितले होते की एका स्वामींनी नदीतून पोर उचलून नेताना मी पाहिले. तो कोणापासून लपत नव्हता. स्वामींचे घर कोणते, असे त्याने मीठवाल्यालाच विचारले.

विशाखेने आवाज ओळखला. ती “मामा” म्हणाली आणि गंगम्माच्या हातातून सुटली. भुजंगाने तिला उचलून छातीशी धरले. इतके दिवस जी रडली नव्हती ती त्याच्या खांद्यावर तोंड खुपसून हंबरू लागली.

बाजाराला दिसले ते वेगळेच. अनोळखी मनुष्य, आणि स्वामींच्या घरची, गळ्यात करंडक असलेली मुलगी त्याच्या हातांत किंचाळते आहे. कोणी तरी ओरडले, पोर पळवायलाय. माणिकराव बैलाची म्होरकी निवडीत होते, ते तसेच आले.

“कुठला रं तू?”

“पूर्नेचा. गँगमन हाय. ही माझ्या भैनीची पोर हाय.”

“स्वामींच्या घरची पोर तुझ्या भैनीची? भैन तुझी कंच्या मठात हुती?”

हशा पिकला. हशा विरण्याआधीच जुवाची लाकडी शिवळ भुजंगाच्या तोंडावर बसली. दात आणि रक्त एकत्र बाहेर पडले. त्याने मुलीला सोडले नाही, तेव्हा दोघांनी ती ओढून काढली. मग सगळेच तुटून पडले. ज्याच्या हाती जे होते ते घेऊन. चाबकाच्या मुठी, दांडकी, एकाने तर नवी घुंगरमाळ गुंडाळून मारली, आणि प्रत्येक घावागणिक घुंगरे वाजत राहिली. भुजंग पडला, उठला, पुन्हा पडला. लिंबाजी नावाचा एक शेतकरी, ज्याच्या घरी स्वामी दर सोमवारी जेवत, त्याने भुजंगाचे कोपर पायाखाली दाबून धरले. माणिकरावांनी सांगितले की ज्या हाताने पोर धरली तो हात ऐरणीवर घ्या. लोहार मागे सरला. माणिकरावांनी त्याचा घण स्वतः उचलला.

घण खांद्यावर घेऊन त्यांनी ओट्याकडे पाहिले.

“स्वामी, पोर तुमच्याच घरची ना? नुस्तं हो म्हना. मंग ह्याचं आमी बघतो.”

स्वामी उभे राहिले होते. ‘हो’ एवढेच म्हणायचे होते. म्हटले की मुलगी जगेल, कोणी तिला साक्षीदार म्हणून शोधणार नाही, उद्या पहाटे ती पुढे येऊन बसेल आणि तळहात पसरील. नाही म्हटले तर डबा धरणारा मनुष्य तिच्यापासून दोन हातांवर घण घेऊन उभा होता. स्वामींनी ना हो म्हटले, ना नाही. भुजंगाने एका सुजल्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिले आणि तो काही मागत नव्हता. तो नुसता पाहत होता.

माणिकरावांनी मौनाचा अर्थ होकार असा घेतला. घण खाली आला. ऐरणीवर लोखंडाचा नाद उठायचा, त्याऐवजी ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

त्या आवाजाने स्वामी ओट्यावरून खाली आले. कसे आले हे त्यांस पुढे कधी आठवले नाही. त्यांनी अंगावरचे उपरणे ओढून टाकले आणि उघड्या छातीने ते ऐरणीपाशी उभे राहिले. लिंगायत व्यापाऱ्यांच्या दुकानांतून एक सुस्कारा उठला. छाती रिती होती.

“माणिकराव, तिच्या गळ्यात आहे ते माझे आहे,” स्वामी म्हणाले. “जाळपोळीच्या दिवशी मी माझ्या हाताने बांधले. ही पलीकडच्या पंडिताची विशाखा. हा तिचा सख्खा मामा. याला निरोप द्यायचा होता, मी दिला नाही.”

ते भुजंगाच्या अंगावर आडवे झाले. घण दुसऱ्यांदा उठला होता आणि आता तो थांबविणे माणिकरावांच्याही हाती उरले नव्हते. स्वामींच्या डाव्या खांद्याचे हाड त्याखाली चुरले. कोणी तरी त्यांच्या पाठीवर थुंकले. कोणी लाथ घातली. जंगमाला मारता काय, असे म्हणून तिसऱ्याने त्या लाथ घालणाऱ्याला दांडके हाणले. बाजार आपसांत भिडला.

त्या धुमाळीत विशाखा उभी होती ती हलली नाही. तिने हात वर केला आणि बोट रोखले.

“ह्यानंच रॉकेल वतलं. माय आत हुती.”

आवाज मोठा नव्हता, तरी सर्वांना ऐकू गेला. माणिकराव घण टाकून तिच्याकडे झेपावले. त्यांचा हात मुलीच्या गळ्यापर्यंत, त्या करंडकापर्यंत पोहोचला. गंगम्माने लोहाराच्या ढिगातून वखराची पास उचलली होती. आयुष्यात तिने कोणाला टोचून बोललेही नव्हते. तिने दोन्ही हातांनी ती पास माणिकरावांच्या मनगटावर उतरविली आणि हाड बाहेर आलेले दिसल्यावर पुन्हा एकदा उतरविली. मग पास तशीच धरून ती मुलीपुढे उभी राहिली. तिच्या वाटेला कोणी गेले नाही.

गाडी जुंपली ती लिंबाजीने. एका बैलाचे एकच शिंग रंगवून झाले होते. ज्या पायाने कोपर दाबले होते त्याच पायाने गाडीवर चढून त्याने दोघा जखमींना, गंगम्माला आणि मुलीला आत घेतले आणि बोरीपर्यंत मागे वळून न पाहता बैल हाकले. वाटेत तो एकदाच बोलला. मला काय ठाऊक, तो म्हणाला.

परभणीच्या इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी आल्या. भुजंगाच्या उजव्या हाताची तीन बोटे काढावी लागली. स्वामींचा डावा हात खांद्याला बांधलेला होता. पोलीस येऊन गेले. माणिकरावांच्या मनगटालाही प्लास्टर होते आणि त्यांच्या बाजूने सांगणारे पुष्कळ होते. स्वामींच्या गावातील घराची कौले फोडली गेली, दार जाळले गेले, ही वार्ता आली. मठाकडूनही निरोप आला, की प्रायश्चित्त घ्यावे, नवे लिंग बांधून घ्यावे, आणि त्या मुलीला जिकडची तिकडे पोहोचती करावी. स्वामींनी निरोप आणणाऱ्याला पाणी पाजून परत पाठविले.

विशाखा दोन खाटांच्या मधे जमिनीवर बसत असे. तिने गळ्यातून शिवदोरा काढून स्वामींच्या उशाशी ठेवला होता, कोणी सांगितल्यावाचून.

तोंडाची सूज उतरल्यावर एका सकाळी, छताकडे पाहत, भुजंगाने विचारले.

“खबर का न्हाई धाडली, स्वामी?”

“भय वाटले.”

“पयल्या दिसांत भ्या वाटलं आसंल. मंग?”

स्वामींनी डोळे मिटले. “मग ती मला हवीशी झाली.”

भुजंगाने बांधलेला हात छातीवर ओढून घेतला. वॉर्डात कोणी तरी कण्हत होते.

“तुमी तिला वाचवलं,” तो शेवटी म्हणाला. “आन् तुमीच तिला चोरायले हुते. दोनी बी खरं हाय. मी काय करू सांगा, कशाचा राग धरू?”

मग भुजंगाने जे सांगितले ते त्याने रात्रंदिवस मनात घोळविले असावे. तो गँगमन, आठवड्याचे निम्मे दिवस रुळांवर, पत्र्याच्या झोपडीत. बायको बाळंतपणात गेलेली. त्यात आता हात असा. मुलीला त्याच्याजवळ ठेवणे म्हणजे तिला पुन्हा उघड्यावर टाकणे. गंगम्माच्या हाताखाली ती जगेल, हे तो बाजारात पाहून चुकला होता.

“तुमच्या घरी ऱ्हाऊ द्या तिला. पन माझी म्हनून ऱ्हाऊ द्या. नाव तेच, बापाचं नाव तेच, भीमाचा फोटू भितीवर. मी येईन तवा पुढल्या दारानं येईन. तुमच्यानं हुईल का हे?”

दत्तक घेणे स्वामींना ठाऊक होते. त्याचे मंत्र त्यांस मुखोद्गत होते. दुसऱ्याचे लेकरू सांभाळावे, त्याच्यावर जीव लावावा, आणि ते दुसऱ्याचेच राहू द्यावे, याला त्यांच्या पोथ्यांत विधी नव्हता. ते होईल असे म्हणाले, आणि तत्काळ दुरुस्ती केली, की होईल का ते तू येऊन पाहत जा.

भुजंगानेच पुढे सांगितले की मालधक्क्यावर अशी आणखी मुले आहेत. कोणाचा बाप गेला, कोणाची आई जळाली, कोणाचे दोघेही तुरुंगात. बायनाबाई म्हणून एक बाई त्यांना भाकरी करून घालते, पण घर कोणाला नाही.

सेलूला शिवमूर्ती नावाचे सरकीचे व्यापारी स्वामींचे शिष्य होते. त्यांनी जिनिंगच्या कारखान्यामागच्या दोन खोल्या राहण्यासाठी दिल्या, आणि दिल्याबद्दल त्यांच्या दुकानाच्या फळ्या दोनदा फोडल्या गेल्या. दिवाळी सरल्यावर तिथेच अशा मुलांसाठी काढलेल्या संगोपन मंडळाची पहिली बैठक झाली. सतरंजीवर पाच माणसे होती. स्वामी, गंगम्मा, शिवमूर्ती, पूर्णेहून आलेल्या बायनाबाई, आणि उजवा हात पंच्यात गुंडाळलेला भुजंग. मंडळ मुलांना आश्रमात कोंडणार नव्हते. घरे शोधणार होते. सेलूच्या नर्मदाबाई नावाच्या एका विधवेने आधीच सांगून ठेवले होते की माझ्याकडे एक पाठवा, शेजारपाजाऱ्यांचे मी पाहून घेईन. नियम काय असावेत यावर शिवमूर्तींनी पुष्कळ चर्चा केली. स्वामींनी एकच मागितला. मूल दारात आले की आधी विचारायचे, तुझे कोण कुठे आहे. आणि मुलाच्या तोंडात घास जाण्यापूर्वी तिकडे निरोप निघालेला असला पाहिजे. घास थांबेल म्हणून कोणी आळस करणार नाही, असे ते म्हणाले.

बैठक चालू असता पहिला दगड आला. खिडकीची काच फुटून सतरंजीवर पसरली. दुसरा बायनाबाईंच्या कपाळाला लागला. त्यांनी पदराने रक्त टिपले आणि शिवी हासडून त्या पुन्हा बसल्या. भुजंगाने डाव्या हाताने दाराला अडसर घातला. बाहेर नामांतराच्या विरोधातल्या घोषणा होत्या, त्यांत मंडळातल्या प्रत्येकाचे नाव गुंफलेले होते. गंगम्माने कोपऱ्यातून वखराची पास आणून मांडीवर ठेवली. पोलिसांची गाडी आली तोवर एकही काच शिल्लक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वामी पूजेला बसले. मोडलेले हाड वाकडे जुळले होते आणि डावा तळहात डोळ्यांच्या पातळीपर्यंत उचलला जात नव्हता. विशाखा शेजारी पाटी घेऊन बसली होती. तिने त्यांच्या अर्ध्यावर अडकलेल्या हाताकडे पाहिले आणि स्वतःचा हात थोडासा पुढे केला. स्वामींनी मान हलविली. त्यांनी घोंगडीची घडी कोपराखाली घेतली, तिच्यावर हात टेकविला आणि जमेल तेवढ्या उंचीवर लिंग धरले.

पाणी घालणार तोच दार वाजले. बायनाबाईंच्या सांगण्यावरून पूर्णेहून कोणी आणून सोडलेला पाच वर्षांचा मुलगा उंबऱ्यावर उभा होता, कानाजवळ भाजल्याचा व्रण, अनवाणी पायांखाली कालच्या काचा. गंगम्मा चुलीवरची भाकरी उतरवीत होती.

स्वामींनी लिंग करंडकात ठेवले. पूजा अर्धी टाकून ते उठले, मुलाला काचांवरून उचलून आत घेतले आणि ताटाकडे नेण्याआधी त्याच्यापुढे उकिडवे बसले.

“तुझं कोण कुठं आहे, बाळा?”

मुलगा गंगम्माच्या हातातील भाकरीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, आज्जी हाय, मानवतला.

रात्री तिथेच थांबलेल्या भुजंगाने पायांत वहाणा सरकवल्या आणि तो स्टेशनाकडे निघाला.